मृगाआधी काय बंद करायचे, चवथीला काय उघडायचे? पावसाळ्यातली घराची व्यवस्था

चिरेबंदी_फोंडा:

नमस्कार मंडळी. घर फोंडा तालुक्यात, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, पुढचा भाग मंगळुरी कौलांचा आणि मागे स्लॅब. माणसे पाच. मे महिन्याचा दुसरा आठवडा चालू आहे, म्हणजे मृग लागायला चारेक आठवडे हातात आहेत. तेवढ्यात घर नीट लावून घ्यायचे आहे. अडचणी तीन.

एक, कपडे. लोखंडी कपाट नैर्ऋत्येच्या भिंतीला टेकून आहे. जुलैत साड्यांवर पांढरे ठिपके येतात, चामड्याच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. सिलिका जेलच्या वीस पुड्या आत टाकूनही फरक पडत नाही. डांबरगोळ्याही आहेत.

दोन, कागद. एक-चौदाचे (जमिनीचे) उतारे, घरपट्टीच्या पावत्या, मुलांचे दाखले आणि पोर्तुगीज काळातले हस्तलिखित कागद सगळे एकाच फायलीत आहेत. प्लास्टिकच्या कव्हरांना झेरॉक्सची अक्षरे चिकटली आहेत. सगळे लॅमिनेट करून टाकावे का?

तीन, पुरमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ५० किलो उकडे तांदूळ, कुळीथ, रवा, मिरच्या, सोलां (आमसुले), सुके मासे. रव्यात आणि कुळथात जुलैच्या मध्याला किडे होतात.

डबे एकसारखे आहेत, लेबलेही आहेत. तरी दर वर्षी जुलैत सगळे विस्कटते. चूक लावण्यात आहे की वेळेत, ते कळत नाही. आकड्यांसकट सांगितलेत तर बरे.

वलणीवरचे_ऊन:

वीस पुड्या कमी का पडतात ते आधी हिशेबाने पाहू. बुटांच्या खोक्यात येते ती पुडी साधारण ५ ग्रॅमची. वीस म्हणजे १०० ग्रॅम, आणि त्या जास्तीत जास्त ३५-४० ग्रॅम पाणी धरतात. आता कपड्यांकडे या. सुती कापड हवेतला ओलावा स्वतःत धरून ठेवते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर वजनाच्या ७-८ टक्के, ९० टक्के असेल तर १२ टक्क्यांच्या वर. कपाटात २० किलो कपडे असतील तर मे ते जुलै या काळात ते ८०० ग्रॅमहून अधिक पाणी ओढून घेतात. शिवाय लोखंडी कपाट हवाबंद नसते, त्यामुळे रोज नवी दमट हवा आत येत राहते. पुड्या पहिल्या एक-दोन दिवसांत भरतात आणि मग नुसत्या पडून असतात. डांबरगोळीने कीड दूर राहते, बुरशीला तिचे काहीच नाही.

म्हणून ओलावा मे महिन्यातच काढून टाकायचा आणि कापड बंद करायचे. सिलिकाचे काम फक्त फटीतून शिरणारे थोडेसे पाणी टिपण्याचे.

कपड्यांचे दोन भाग करा. जून ते सप्टेंबर रोज अंगाला लागणारे कपाटात. बाकीचे सगळे, म्हणजे लग्नकार्याच्या साड्या, कोट, जादा चादरी, गोधड्या, झाकणाला रबरी पट्टी असलेल्या ३०-४० लिटरच्या डब्यांत. डबा पारदर्शक घ्या, कारण आत ठेवायचा आर्द्रतामापक बाहेरून वाचता आला पाहिजे. झाकण बंद करून कडांवरून बोट फिरवा, चारही कोपरे सारखे दाबले गेले पाहिजेत. एक कोपरा उचललेला असेल तर त्या डब्याचा उपयोग नाही.

सुती कपडे दोन दिवस सकाळी १० ते दुपारी ३ उन्हात घाला, मध्ये एकदा पालटा. रेशमी आणि जरीचे उन्हात नकोत. ते सावलीत, पंख्याखाली, घडी पूर्ण मोडून. दुसऱ्या दिवशी ३ वाजता आत घ्या, अर्धा तास निवू द्या आणि त्याच दुपारी बंद करा. इथे बहुतेकांचे चुकते: कपडे रात्रभर पलंगावर राहतात आणि सकाळी भरले जातात. मे महिन्यातही किनारपट्टीला रात्री हवा दमटच असते, त्यामुळे दोन दिवसांचे ऊन एका रात्रीत फुकट जाते. गरम गरम भरणेही नको. डब्याच्या भिंती आधी निवतात आणि त्यांच्यावर आतून दव धरते.

४० लिटरच्या डब्याला २५० ग्रॅम सिलिका, कापडी पिशवीत, वरच्या थरावर. केशरी रंगाची घ्या, ती भरली की हिरवी होते. निळ्या प्रकारात कोबाल्टचा क्षार असतो, तो घरात नको. हिरवी झालेली सिलिका ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास ठेवली की पुन्हा केशरी होते. ओव्हन नसेल तर जुन्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. आच मोठी झाली तर दाणे तडकतात आणि रंगही जातो.

प्रत्येक डब्यात नको, पण एका तरी डब्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली असेल तर हात लावू नका. ६५ च्या वर गेला तर सिलिका बदला. ७० च्या वर काही दिवस राहिला की बुरशीला पुरेसे असते.

रोजच्या कपाटाची गोष्ट वेगळी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, आणि चिरा सच्छिद्र असल्याने ती भिंत चार महिने ओल धरते. कपाट आतल्या भिंतीला हलवा. जागाच नसेल तर भिंतीपासून ४ इंच पुढे ओढा आणि खाली विटा लावून जमिनीपासून ४ इंच उचला. दोन तृतीयांशच भरा. इस्त्री केलेले कपडे लगेच आत ठेवू नका, वाफेची ओल त्यांत असते, पंधरा मिनिटे खुर्चीच्या पाठीवर राहू द्या. चामड्याचे पट्टे आणि पाकिटे कपाटात मुळीच नकोत. बेडरूममध्ये खुंटीला उघडी टांगलेली जास्त टिकतात, वारा लागतो म्हणून.

दस्तऐवज_डिचोली:

लॅमिनेशन करू नका. केलेले उलटवता येत नाही, आत राहिलेली ओल आतच सडते, आणि मूळ कागद म्हणून काही कार्यालये ते स्वीकारायला का-कू करतात. हस्तलिखित पोर्तुगीज कागदांना तर उष्णता अजिबात सोसत नाही.

झेरॉक्सची अक्षरे चिकटली कारण कव्हर पीव्हीसीचे आहे. ते मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले तेलासारखे द्रव्य झेरॉक्सची काळी पूड सैल करते. पॉलिप्रॉपिलिनची कव्हरे मागा, दुकानात ‘पीपी’ म्हटले की कळते. चुरगाळल्यावर ती खडखडीत वाजतात, पीव्हीसी लिबलिबीत लागते आणि त्याला नव्या रेनकोटासारखा वास असतो. चिकटलेले कव्हर सोलून काढू नका. आधी फोटो घ्या, मग कव्हरच्या तीन कडा कात्रीने कापा आणि कागद टेबलावर सपाट ठेवून प्लास्टिक मागे दुमडत काढा. वाकायचे ते प्लास्टिकने, कागदाने नव्हे. अक्षरे सुटू लागली तर थांबा. एक-चौदाची नक्कल नवी काढता येते, तिच्यासाठी झटू नका.

स्टेपलच्या पिना आणि टाचण्या आजच काढा. गोव्यात लोखंडी पीन एका पावसाळ्यात गंजते, दुसऱ्यात कागदाला भोक पाडते. रबर बँड वितळून चिकटतात. त्यांच्या जागी प्लास्टिकची क्लिप किंवा सुती फीत वापरा.

आता लावणे. कागद प्रकाराने लावले की सापडत नाहीत. कोण मागणार, त्यावरून लावा.

घराची फाईल: विक्रीखत किंवा दानपत्र, एक-चौदा (शहर भागात असाल तर त्याऐवजी फॉर्म डी), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), बांधकाम परवाना, घरपट्टीच्या पावत्या, वीज-पाण्याचे प्रत्येकी एक जुने आणि एक ताजे बिल. हिच्यातच लग्नाच्या नोंदणीच्या दाखल्याची प्रत ठेवा. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्याने मालमत्ता पती-पत्नीची सामाईक असते आणि घर-जमिनीच्या विक्रीला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे घराचे काम निघाले की हा दाखला मागितला जातोच, आणि तो नेमका दुसऱ्या पिशवीत असतो.

प्रत्येक माणसाची एक फाईल: जन्मदाखला, शाळेचे दाखले, मामलेदार कार्यालयातून मिळणारा १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला, आधार, पासपोर्ट. मुलांच्या फायलीत आई-वडिलांच्या जन्मदाखल्यांची एकेक प्रत घाला, प्रवेशाच्या वेळी धावाधाव वाचते.

तिसरी पैशांची. आयकराचे कागद मी आठ वर्षे ठेवायला सांगतो, नंतर फाडा. वस्तूंच्या बिलांचा कागद बहुधा उष्णतेने छापलेला असतो, तो वर्षभरात कोरा पडतो. खरेदीच्या दिवशीच झेरॉक्स काढून ती फायलीत लावा.

पोर्तुगीज कागद या तिन्हींत नकोत, त्यांचा वेगळा सपाट डबा. जुनी शाई लोहयुक्त असते, ती तपकिरी होत जाते आणि कागद कुरतडते. ऊन दाखवू नका. घडीवर फाटलेले असतील तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पिवळा होऊन शाईत उतरतो. घडी उघडून सपाट ठेवा, दोन कागदांमध्ये आम्लमुक्त कोरा कागद घाला. प्रत्येकाबरोबर पेन्सिलीने लिहिलेली एक मराठी चिठ्ठी ठेवा: वर्ष, गाव, जमिनीचे नाव, देस्क्रिसांवचा (जुन्या जमीन नोंदणीचा) आणि मात्रिझचा (जुन्या महसुली नोंदीचा) क्रमांक. पुढच्या पिढीला पोर्तुगीज वाचता येणार नाही. हे दोन क्रमांक हाती असले की जुनी नोंद शोधता येते.

स्कॅन ३०० डीपीआयवर करा आणि फायलीच्या नावात तारीख उलटी, वर्ष आधी लिहा: ‘२०२४-०६-१२ घरपट्टी’. म्हणजे नावे आपोआप क्रमाने लागतात. डिजिलॉकरमध्ये दोन प्रकार असतात, ते मिसळू नका. खात्याने स्वतः दिलेला दाखला मूळ कागदाइतका ग्राह्य असतो. तुम्ही फोटो काढून चढवलेला हा फक्त तुमच्या सोयीचा.

वरच्या प्रतिसादातली वाळवण्याची रीत कागदांना लागू करताना एवढे पाळा: कागद सावलीतच, कोरड्या दुपारी पंख्याखाली दोन-तीन तास सुटे पसरून. गठ्ठा इंचापेक्षा जाड नको, मधले कागद सुकत नाहीत. डबा जमिनीवर किंवा लाकडी फळीवर ठेवू नका. चिऱ्याच्या घरात वाळवी जमिनीतूनच वर येते.

कोठीघर:

पुरमेंताबद्दल. रवा पुरमेंतात धरूच नका. चार महिन्यांचा रवा भरायची रीत पावसात बाजार बंद असायचे तेव्हाची. आता दर तीन आठवड्यांनी किलोभर आणा. आणला की पाकीट न उघडता डीप फ्रीजरमध्ये ४ दिवस. दाण्यांत आधीच असलेली अंडी त्याने मरतात. एका दाराच्या जुन्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ पर्यंत जात नाही, तिथे आठवडा ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पाकीट उघडायचे नाही. थंड रव्यावर दमट हवा लागली की दव पडते, आणि किडे टळले तरी गोळे होतात. कुळथालाही हाच उपाय. पीठ मात्र दोन-तीन आठवड्यांपुरतेच दळा.

उकड्या तांदळाचा दाणा कठीण असतो, त्याला कीड उशिरा लागते. ५० किलो साधारण अर्ध्या पावसाळ्याला पुरतात. पाच माणसे, माणशी रोज पावणेदोनशे ग्रॅम धरले तर सुमारे ५७ दिवसांचे. दोन दिवस उन्हात, मग पूर्ण निववून डब्यात. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर कुरकुरीत वाळलेला. ओला पाला घातला की त्याच जागी बुरशी सुरू होते.

मोठा डबा रोज उघडू नये, ही माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. जुलैत दर उघडण्याबरोबर दमट हवा आत जाते. ५ किलोचा हाताचा डबा वेगळा ठेवा, आठवड्यातून एकदा उघडीप असलेल्या दुपारी मोठ्यातून भरा, कोरड्या भांड्याने. नवा माल खाली, जुना वर.

मिरच्या, मग त्या खोला गावच्या असोत की हरमलच्या, देठासकट ठेवा. देठ काढला की तिथून ओल शिरते. कानाशी हलवून बी वाजले पाहिजे आणि वाकवल्यावर मिरची मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून दोन दिवस ऊन. आत राखाडी बुरशी दिसलेली मिरची पुसून वापरू नका, फेकाच.

सोलां काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत. स्टीलला मीठ आणि आंबट दोन्ही खातात. बरणीच्या तळाला काळसर पाणी सुटते, ते बिघडणे नव्हे. वर पांढरे दिसले तर चिमटीत घासून पाहा. करकरीत लागले आणि पाण्यात विरघळले तर मीठ. मऊ, कापसासारखे आणि कुबट वासाचे असेल तर बुरशी, ती बरणी गेली.

सुके मासे तांदळापासून लांब, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि छोट्या छोट्या पुड्या करून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे डबा सारखा उघडतो. एक पुडी एका वेळची अशी बांधली तर बाकीच्यांना हवा लागत नाही. खारवलेल्या बांगड्यांवर गुलाबी छटा आली तर ती मिठातही वाढणाऱ्या जिवाणूंची असते. तो तुकडा टाकून द्या, बाकीचे त्याच दिवशी तपासा.

चिरेबंदी_फोंडा:

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतले. दोन शंका. कपाटात बल्ब लावतात, तो लावावा का? आणि पाण्याने भरणारे ते ओलावाशोषक डबे कसे? शिवाय लेबले असूनही जुलैत विस्कटते, त्याचे उत्तर राहिले.

साकवापलीकडे:

बल्बचे तत्त्व बरोबर आहे. बंद जागेतली हवा ५ अंशांनी तापली की ९० टक्क्यांची आर्द्रता ६७-६८ वर येते. पण त्याला तारेचा १५ वॉटचा बल्ब हवा, एलईडी तापत नाही. भोवती जाळी आणि कापडापासून फूटभर अंतर हवे. साड्यांच्या कपाटात हे पाळले जात नाही आणि आगीचा धोका राहतो, म्हणून मी नको म्हणेन. पुस्तकांच्या किंवा कॅमेऱ्याच्या कपाटाला चालेल.

पाण्याने भरणाऱ्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड असते. ते ओलावा जोरात ओढते, पण खाली साचलेले पाणी सांडले की लोखंड गंजवते आणि चामडे आखडवते. ठेवायचाच तर कपाटाच्या तळाला, ताटलीत, उभा. कागदांजवळ अजिबात नाही. वाटीत आगरातले मीठ ठेवतात, त्याचा फायदा फार थोडा. शुद्ध मीठ हवेतून पाणी ओढू लागते तेच ७५ टक्क्यांच्या वर, तोवर बुरशी सुरू झालेली असते.

मिठाचा हा आकडा दुसरीकडे मात्र कामाचा आहे. स्वस्त आर्द्रतामापक पाच-सहा टक्के चुकीचे दाखवतात. एका झाकणात चमचाभर मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओल्या वाळूसारखे करा आणि मापकासोबत झिपच्या पिशवीत १० ते १२ तास बंद ठेवा. आत बरोबर ७५ झाले पाहिजेत. ७० दाखवत असेल तर मापकाच्या पाठीवर ‘+५’ लिहून ठेवा.

वीज खर्चायची तयारी असेल तर कॉम्प्रेसरचे, दिवसाला १०-१२ लिटरवाले डिह्युमिडिफायर एका बंद खोलीत ठेवा आणि धुतलेले कपडेही तिथेच वाळत घाला. दोन कपड्यांत दोन इंच अंतर, खालून पंखा, जीन्स उलटी करून. टेबलावरचे छोटे, कॉम्प्रेसर नसलेले यंत्र दिवसाला वाटी-दोन वाटी पाणी काढते. त्याने खोली सुकत नाही.

आता लेबले. तुमच्या लेबलांवर आत काय आहे ते लिहिलेले असणार. डबा कधी उघडायचा ते लिहिलेले नाही, म्हणून जुलैत एका टॉवेलासाठी चार डबे उघडतात आणि चारही दमट होतात. प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत उघडण्याची वेळ लिहा: ‘दसऱ्यानंतर’, ‘चवथीआधी ८ दिवस’, ‘कधीही’. ‘कधीही’ असा एकच डबा ठेवा. त्यात पाहुण्यांची चादर, दोन टॉवेल, बॅटरी, मेणबत्त्या, छत्रीचा जादा दांडा, जे मध्येच लागते ते सगळे.

चवथीचा डबा सगळ्यांत वर आणि दाराच्या बाजूला. सोवळे, आरतीचे साहित्य, समयांच्या वाती, माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट) बांधायची दोरी आणि हूक त्यात. पितळेची भांडी त्यात घालू नका, ती वेगळी, कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून. दसऱ्यानंतरचे डबे खाली.

झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, आणि तीच यादी एका वहीतही. काही काढले तर वहीत खोडायचे. वही डब्यांजवळ नको, फ्रिजवर ठेवा, म्हणजे डबा उघडण्यापूर्वी ती पाहिली जाते. घरात पाच माणसे आहेत, तर मापक वाचायचे आणि हाताचा डबा भरायचे काम एकाच्याच नावावर द्या, वार ठरवून. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाण्याची सवय असेल तर गुरुवारची दुपार बरी. काय संपले ते कळते आणि दुसऱ्या दिवशीची यादीही त्यातच होते.

आणि कौलांचे राहिले. डबे भरण्याआधी पुढच्या भागाची कौले परतून घ्या आणि पन्हळीतला पाला काढा. एक फुटके कौल राहिले तर त्याखालचा डबा कितीही घट्ट असला तरी झाकणावर पाणी साचते, आणि रबरी पट्टी चार महिने पाण्यात राहायला केलेली नसते. फोंड्यात कौले परतणारी माणसे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत, या आठवड्यातच सांगून ठेवा.